मांडूच्या अलीकडे

“खड्डा!” गोपाळकृष्ण ओरडले आणि मागच्या सीटवर सुलूनं पायडलवर भार देऊन स्वतःला बोटभर वर उचललं. पुढचं चाक आपटलं, मागचं चाक आपटलं, सुलू परत खाली टेकली. ती नीट टेकते न टेकते तोच पुढून पुन्हा आवाज आला, “खड्डा!”

बडनगरच्या त्या रस्त्यावर खड्डे सांगत बसण्यापेक्षा मधूनमधून रस्ता लागला की तेवढा सांगणं सोपं गेलं असतं. पण निघताना कायदा ठरला होता. दोघांच्या सायकलवर मागे बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. सुलूला दिसत होती ती फक्त नवऱ्याची पाठ, त्यावरचा तपकिरी स्वेटर आणि मानेला गुंडाळलेला मफलर. तेव्हा पुढच्यानं सगळं तोंडानं सांगायचं. खड्डा, ब्रेक, वळण, म्हैस. उज्जैन सोडताना शिप्रेचा मोठा पूल ओलांडल्यापासून गोपाळकृष्ण हा कायदा इमानदारीनं पाळत होते आणि ऊन वर येईपर्यंत त्यांचा घसा पार बसला होता.

“नुसतं हूं म्हणा,” सुलू मागून म्हणाली. “मी समजून घेईन.”

हूं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तीस वर्षं त्यांनी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये मुलांना लोखंड कापायला आणि जोडायला शिकवलं होतं, आणि तिथे यंत्रांच्या आवाजात ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नसे. घरीही ते मीठ मागायचे ते तसंच. माधव नगरातल्या शेजाऱ्यांना त्यांच्या आमटीत मीठ कमी आहे की जास्त, हे रोज कळायचं.

सायकल त्यांनी स्वतः बनवली होती. पुढचा अर्धा भाग त्यांच्या जुन्या काळ्या सायकलचा आणि मागचा मधुराच्या लेडीज सायकलचा. मधुरा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. ती लग्न होऊन बडोद्याला गेल्यापासून तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. दोन्ही कापून, जोडून, वर हिरवा रंग मारून त्यांनी ही लांबलचक चीज उभी केली. तिच्यात दोन माणसांची पायडलं एकाच चेननं बांधलेली होती. एकाचे पाय फिरले की दुसऱ्याचे फिरणारच, मग त्यानं जोर लावो की न लावो. कॅरियरवर भैरवगढ छापाच्या चादरीत बांधलेलं गाठोडं, त्यात कपडे, दशम्या आणि हवा भरायचा पंप.

आणि हे सगळं कशासाठी, तर बडोद्याला राहायला जायचं की नाही ते ठरवण्यासाठी.

मधुराला तिथल्या एका नव्या खाजगी कंपनीत चांगली नोकरी लागली होती. आजकाल अशा कंपन्या रोज उघडत होत्या आणि माणसाला सकाळी नेऊन रात्रीच परत सोडत होत्या. घरात दोन वर्षांची जुळी पोरं, अनय आणि हर्षल. सांभाळायला ठेवलेली बाई महिन्यातून पंधरा दिवस गायब. जावई, केदार, भला माणूस. त्यानं वरच्या दोन खोल्या सासू-सासऱ्यांसाठी रंगवून ठेवल्या होत्या. सुलू मधुराच्या बाळंतपणाला जाऊन तिथे पाच महिने राहून आली होती आणि तेव्हापासून तिला उज्जैनमध्ये घास गोड लागत नव्हता. तिनं ते लपवलंही नाही. मला जायचंय, असं तिनं स्वच्छ सांगितलं होतं, आणि तुम्हाला इथे एकटं टाकून मी जाणार नाही, हेही तितकंच स्वच्छ.

गोपाळकृष्ण ऐकेनात. मुलीच्या घरी कसं राहायचं? सुलूचं म्हणणं, नातू झाला की बाप लेकीच्या घरी खुशाल जेवतो, आणि आपल्याला तर देवानं दोन दिलेत. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. जेवायला जातो माणूस. बिऱ्हाड पाठीवर घेऊन जावयाच्या दारात नाही जात. त्यांच्या वडिलांनी, आजोबांनी कधी कुणाच्या छपराखाली पाठ टेकली नव्हती, आणि आता म्हातारपणी आपण टेकायची, या विचारानंच त्यांची भूक मरायची.

मग एकदा फोनवर मधुरा बोलून गेली की बाबा, आता तुमचं वय झालं, तुम्ही दोघंच तिथे, उद्या काही झालं तर? वय हा शब्द त्यांना झोंबला. ते तिथेच गरजले की तुझ्या आईला सायकलवर बसवून मी मांडूला नेऊन दाखवतो. पोचलो तर बडोद्याचं नाव पुन्हा काढायचं नाही. नाही पोचलो तर पाडव्याला सामानसुमान घेऊन तुझ्या दारात हजर. मांडूच का, तर तोंडात आलं म्हणून. येताना बस चालेल, सायकल टपावर टाकू. जाताना मात्र पायांनीच. मधुरा हसत हसत हो म्हणाली. बाजूला तांदूळ निवडत बसलेल्या सुलूनं मान वर न करता सांगितलं की माझंही हो आहे.

म्हणजे सायकल मांडूला पोचली तर सुलूची नातवंडं गेली. हे दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

रस्त्यावर मात्र मजा होती. गव्हाला ओंब्या धरल्या होत्या, बांधावरचे पळस पेटायला लागले होते. हरभऱ्याच्या शेतात काही जण हिरवे घाटे भाजत बसले होते; त्यांनी हाक मारून दोघांना बसवलं आणि ओंजळीओंजळीनं गरम दाणे खाऊ घातले. सायकलभोवती सगळे गोल फिरले. ही मिळते कुठे, चालते कशी, दोघांचं भांडण झालं तर काय करता, असं सगळं विचारून झालं. एक म्हातारबुवा सुलूकडे बघून मिश्कीलपणे म्हणाले की माताजींचं बरं आहे, आरामात सवारी. मेहनत तर बाबूजींची. सगळे हसले. सुलूही हसली आणि तिनं तोंडाला लागलेली राख पदरानं पुसली. गोपाळकृष्णांनी काही खुलासा केला नाही. माणसाला कौतुक नको असतं असं थोडंच आहे.

बडनगरला ते विलासकडे उतरले. विलास त्यांचा जुना विद्यार्थी, वीज मंडळात नोकरीला. त्यानं गल्लीतले लोक गोळा करून सायकल दाखवली आणि सर काकूंना एवढं ओढत घेऊन आले, असं प्रत्येकाला सांगितलं. संध्याकाळी एसटीडी बूथवरून मधुराला फोन झाला. गोपाळकृष्णांचा आवाज एवढा चढला होता की बूथवाल्यानं बाहेरूनच खूण केली, हळू बोला, फोन लागलेला आहे.

बदनावरनंतर वारा समोरून सुटला आणि त्यांची मिजास उतरायला लागली. मांड्या दगडासारख्या झाल्या. साधा चढ आला तरी छातीचा भाता व्हायचा. आणि मग डोक्यात एक किडा शिरला. सुलू जोर लावतेय का?

तिनं का लावावा? ही हरली की हिचं सगळं भलं. पाय नुसते पायडलवर ठेवायचे, ते आपसूक फिरतात. पुढच्याला कळणारही नाही. आपण एकटेच दोन माणसं आणि गाठोडं ओढतोय म्हणून तर ही हालत. एका चढावर ते मान न वळवता म्हणाले, “जोर लाव जरा.”

“लावतेय,” सुलू म्हणाली.

लावतेय म्हणायला काय लागतं, असं त्यांच्या मनात आलं. तिच्या जागी आपण असतो तर लावला असता का, हेही मनात आलं, आणि त्याचं खरं उत्तर त्यांना आवडलं नाही. माणूस स्वतःला ओळखतो त्याच मापानं दुसऱ्याला मोजतो. ते दिवसभर घुम्यासारखे गप्प राहिले. खड्डा एवढंच बोलायचे, तेही असं की जणू तो सुलूनं खणला होता.

धारला धर्मशाळेत पाठ टेकताना त्यांनी ठरवलं, उद्या चोर पकडायचा.

सकाळी धार सुटलं आणि नालछ्याच्या दिशेनं एक लांब, सरळ चढ लागला. दोन्ही बाजूंना सागाची झाडं, पानं गळालेली, रस्त्यावर कुणी नाही. चढ अर्धा झाल्यावर गोपाळकृष्णांनी हळूच पायांतला जोर काढून घेतला. पाय पायडलवर ठेवले, पण नुसते ठेवले, बाजारात हिंडणाऱ्याच्या हातातल्या रिकाम्या पिशवीसारखे. आता चार हात पुढे जाताच सायकल थांबणार, डुगडुगणार, आणि मग मागे वळून विचारायचं, का गं, लावतेयस ना जोर?

सायकल थांबली नाही.

ती थोडी जड झाली, बस. पायडलं फिरत राहिली आणि त्यांच्या पायांना आपल्याबरोबर फिरवत राहिली. एक झाड मागे गेलं, दुसरं गेलं. आणि आता त्यांचा स्वतःचा श्वास शांत झाल्यामुळे त्यांना मागचा श्वास ऐकू आला. मोठा, तोंडानं घेतलेला, अगदी एका ठेक्यातला. घरात ती पाय-मशीनवर गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची तेव्हा पलीकडच्या खोलीत हाच ठेका ऐकू यायचा. दुपारचा चहा होईपर्यंत तो कधी तुटायचा नाही. त्यांनी त्याकडे कधी कान दिला नव्हता. मशीन चालतेय म्हणजे चालतेय.

त्यांना विश्वास बसेना. चढ संपला, सपाटी आली, त्यांनी पुन्हा पाय सैल सोडले. पुन्हा तेच. ही बाई उज्जैनपासून, मोठ्या पुलापासून, स्वतःला हरवणाऱ्या गावाकडे सगळी ताकद लावून निघाली होती. आणि लोक म्हणत होते सवारी, आणि आपण ऐकून घेत होतो. गोपाळकृष्णांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी एक खड्डा सांगितलाच नाही. सुलू जोरात आपटली.

“अहो, लक्ष कुठे आहे?”

“चुकलं,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हा शब्द तिनं फारसा ऐकला नव्हता.

नालछ्याला एका हॉटेलपुढच्या बाकावर ते चहाला बसले. इथून मांडू हाकेच्या अंतरावर. सुलूनं कॅनव्हासचे बूट काढले. दोन्ही टाचांना फोड आले होते आणि एक फुटला होता. तिनं पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली आणि दुसऱ्याच कुणाचा पाय असल्यासारखी निवांत चोळायला लागली. गोपाळकृष्ण बघत राहिले. चहा बशीत ओतला होता तो तसाच राहिला.

“सुलू, तू जोर का लावतेस?”

“म्हणजे?”

“नसता लावलास तर आपण इथपर्यंत आलोच नसतो. केव्हाच सुटली असतीस. पोरांकडे गेली असतीस.”

सुलूनं बाटलीचं झाकण लावलं. तिनं उत्तर शोधलं असं नाही. ते तिच्याकडे होतंच, कुणी विचारलं नव्हतं.

“हरवूनच न्यायचं असतं तर निघायच्या दिवशी पाय मुरगळला म्हटलं असतं. काय कठीण होतं? पण हरलेला माणूस तिथे नेऊन मी काय करू? रोज वरच्या खोलीत तोंड पाडून बसाल. पोरं विचारतील, आजोबांना काय झालं.” तिनं बाटली पिशवीत टाकली. “आणि पाय ठेवलाय तर चालवायला नको? तुम्हाला एकट्याला ओढायला लावून मी मागे मजेत बसू?”

“मला वाटलं होतं तू बसली आहेस.”

“माहीत आहे. तुमची पाठ सांगत होती. चार दिवस तीच तर बघतेय.”

ती रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. तिनं त्यांची बशी उचलून त्यांच्या हातात दिली, गार होतोय म्हणाली, आणि समोरच्या गाड्यावर ठेवलेल्या पेरूंकडे बघत बसली. तिचा चेहरा थकलेला होता. पोरांची गोष्ट तिनं मनात केव्हाच मिटवून ठेवली आहे, हे त्यांना त्या चेहऱ्यावर दिसलं. एखादं कापड घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवावं तशी, तक्रार न करता. आता फक्त मांडूपर्यंत जायचं उरलं होतं, आणि ती त्यासाठी बूट पुन्हा घालायला लागली होती.

गोपाळकृष्ण उठले. हॉटेलला लागूनच एसटीडी बूथ होता, दाराची काच फुटून तिथे पुठ्ठा लावलेला. त्यांनी बडोद्याला मधुराच्या ऑफिसचा नंबर फिरवला. तो लागायला वेळ लागला. लागला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, म्हणजे बाकावर बसलेल्या सुलूला, हॉटेलवाल्याला आणि रस्त्यावरच्या दोन बैलांनाही शब्दन् शब्द ऐकू जात होता.

“मधुरा, नाही जमलं बेटा,” ते म्हणाले. “मांडूच्या अलीकडेच पाय गेले माझे. नालछ्याला बसलोय. इथून बसनं परत फिरतो.”

सुलूचा हात बुटाच्या नाडीवर थांबला.

पलीकडून मधुरानं पहिल्यांदा तब्येतीची चौकशी केली, घाबरून. बाबा हरले याचा आनंद करायचा की नाही, हे तिलाही ठरवता येत नसावं. गोपाळकृष्णांनीच सांगून टाकलं की शब्द म्हणजे शब्द, पाडव्याला येतोय, वरच्या खोलीच्या खिडकीला पडदा लाव, मला सकाळचं ऊन डोळ्यांवर चालत नाही. तेव्हा कुठे तिला रडू आलं. आईला दे म्हणाली.

सुलू एका पायात बूट आणि एका पायात मोजा अशी बूथमध्ये आली. तिनं रिसीव्हर घेतला. गोपाळकृष्ण दारात उभे होते, पुठ्ठ्याला हात लावून. तिनं तोंड उघडलं असतं तर सगळं एका वाक्यात उलटलं असतं, आणि ती खोटं बोलत नाही हे त्यांना चांगलं माहीत होतं. मधुरानं विचारलं असणार, आई, खरंच नाही जमलं का गं. कारण सुलू नवऱ्याकडे बघत, बराच वेळ बघत, म्हणाली:

“बाबांचे पाय दमलेत. मी काय, मागेच बसले होते.”

फोन ठेवून दोघं बाहेर आली. हॉटेलवाल्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं आपणहून सांगितलं की धारकडे जाणारी बस तासाभरात येईल, साइकिल ऊपर चढ़ा देंगे, फिकर मत करो बाबूजी.

“मांडू एवढंसं राहिलंय,” गोपाळकृष्ण म्हणाले. “आलोच आहोत तर बघून येऊ.”

“पाय गेलेत ना तुमचे?”

“तुझे आहेत की.”

सुलूला हसू आलं आणि मग लगेच डोळ्यांत पाणी. ते तिनं लपवायची खटपट केली नाही. दुसरा बूट घातला, सीटवर बसली, आणि हॉटेलवाला हात वर करून “अरे, बस तो उधर से…” म्हणत असतानाच हिरवी सायकल मांडूच्या रस्त्याला लागली.

पुढचा रस्ता दरीच्या कडेकडेनं होता. खाली धुकं होतं, पलीकडे पडक्या भिंती दिसत होत्या. कोण किती जोर लावतंय हे आता दोघांपैकी कुणी मोजत नव्हतं. शेवटच्या चढाला मात्र दोघंही उतरली आणि सायकल ढकलत, धापा टाकत जुन्या दरवाजापाशी पोचली. काळ्या दगडाचा उंच दरवाजा, कमानीत पिंपळाचं रोप उगवलेलं. तिथे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक फोटोवाला बसला होता. अशी सायकल त्यानं जन्मात पाहिली नव्हती. त्यानं दोघांना कमानीच्या बरोबर मधे उभं केलं, गोपाळकृष्णांचा मफलर सरळ केला आणि सांगितलं की फोटो टपालानं घरी येईल. मात्र रोल संपल्यावर धारला धुवायला जातो, तेव्हा महिना-सव्वा महिना धरून चाला. पत्ता काय?

“माधव नगर,” सुलूनं सवयीनं सुरुवात केली.

“तिथे कोण असणार तेव्हा?” गोपाळकृष्ण म्हणाले. ते एकदा खाकरले. मग फोटोवाल्याला एकेक शब्द सुटा करून, नेहमीपेक्षा बऱ्याच हळू आवाजात त्यांनी सांगितलं, “लिखो. गोपाळकृष्ण भिसे. केअर ऑफ केदार राजवाडे. बडोदा.”

फोटोवाल्यानं लिहून घेतलं. सुलू ऐकत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. हँडल आपल्या हातात घेतलं, सायकल गोल फिरवली आणि दरवाजाकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे कॅमेऱ्यात त्यांच्या मागे नुसता रस्ता आणि झाडं येतील अशी. चला, या इकडे, म्हणून तिनं त्यांना बाजूला बोलावलं.

“माताजी, दरवाज़ा तो आया ही नहीं,” फोटोवाला कळवळून म्हणाला. “फिर घरवालों को कैसे पता चलेगा कि मांडू आए थे?”

“नहीं चलना चाहिए, भैया,” सुलू म्हणाली. “आप खींचो.”

तो मान हलवत दरवाजाला पाठ लावून उभा राहिला आणि डोळ्याला कॅमेरा लावून दोघांना जरा जवळ सरकायला सांगू लागला.